बेंजोपुढे कुठे उभं राहायचं

वरातीतली बेंजो पार्टी कशी आहे, हे गाडीच्या तोंडाशी उभं राहून कधीच कळत नाही. तिथे भोंगा थेट कानात शिरतो, आणि भोंग्यातून येतो नुसता वरचा आवाज. खर्ज त्याच्या आवाक्यातच नाही. ऐकायचं तर बाजूला, दहा-बारा फुटांवर, वाजवणाऱ्याचे दोन्ही हात दिसतील असं.

डावा हात बटणांवर, उजव्यात नखी. (बेंजो हे वाद्य मूळचं जपानी तैशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेलं; बटणं टाइपरायटरवरून सुचलेली.) बटणांमुळे सतारीसारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काही निघत नाही. गायक लांबवतो तो सूर इथे नखी खाली-वर झरझर फिरवूनच भरावा लागतो. म्हणून उडतं गाणं कुणीही वाजवतं, परीक्षा असते सुरुवातीच्या संथ आलापात. मनगट सैल असेल तर सूर सलग वाहतो. आखडलं, की पत्र्यावर वाटाणे सांडतात. जोशात बटण जास्त दाबलं तर तार ताणून सूर चढतो, ते वेगळंच.

उतरतो तो उन्हाने. मांडवात लावलेली पोलादी तार रस्त्यावर तापते, सैल पडते. शेजारचा कीबोर्ड मात्र जागच्या जागी. दोघं एकच चाल वाजवू लागले की भातात खडा लागल्यासारखं होतं. जाणता वादक दोन गाण्यांच्या मधे खुंट्या पिळून घेतो. नवखा आवाज वाढवतो.

लयीचं दुखणं अंतराचं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ढोलवाले नाचणाऱ्यांसोबत ३४ मीटर पुढे सरकले, की बेंजो त्यांना सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या ठेक्यात हा मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. गाडीपाशी ढोल परत ऐकू येईतो तो दुप्पट. नाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पाय मात्र अडखळतो.

दाद द्यावी ती सांध्याला. कोळीगीतावरून लावणीवर जाताना ताशा एक तुकडा टाकतो आणि कुणीही न थांबता सगळे नव्या चालीवर उतरतात. कच्च्या पार्टीत नेमका इथे ऑक्टापॅडवरून (काडीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालपॅड) सायरन वाजतो, आणि त्या गोंधळात बाकीचे आपापली सम शोधतात. पब्लिक शिट्ट्या मारतं ती त्यालाच. मारू दे. तेवढ्यात ताशाच्या काड्या बघून घ्याव्यात: थांबल्या असतील, तर सायरन कशासाठी होता ते कळतं.