नरेडीचा कडा: जिप्सम पाहायला कच्छमध्ये

मराठवाड्याच्या बहुतेक भागात विहीर खणणाऱ्याला काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण एवढाच क्रम ठाऊक असतो. गाळाचे थर पाहायचे झाले तर गोदाकाठच्या पोयट्याच्या दरडींवर समाधान मानावे लागते, आणि जिप्सम तर आमच्याकडे खताच्या दुकानातल्या पोत्यातच भेटतो. तो जमिनीत कसा असतो हे पाहण्यासाठी जानेवारीत आम्ही चौघे छत्रपती संभाजीनगरहून अहमदाबादमार्गे भुजला आणि तेथून लखपत तालुक्यात, नरेडी गावाजवळच्या काकडी नदीच्या कड्यापाशी गेलो.

वाटेत माता नो मढ या गावाच्या परिसरात आपलाच दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पुन्हा भेटला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा तेथे तळाशी आहे. त्यावर लाव्ह्यानंतरच्या पॅलिओसीन काळातले माता नो मढचे थर आणि त्यांच्याही वर त्यापुढच्या इओसीन काळाच्या आरंभीचा नरेडी शैलसमूह, म्हणजे खडकांच्या थरांचा एक गट, येतो.

या शैलसमूहात तळाशी जिप्समयुक्त शेल (चिकणमातीचा घट्ट होऊन बनलेला खडक), मधोमध असिलिना या सूक्ष्मजीवांच्या जातभाईंच्या कवचांचा चुनखडक आणि माथ्यावर तांबूस लोहमय मृत्तिका असे तीन भाग आहेत. शेल हिरवट-करडा असून त्याचा उघडा पृष्ठभाग लाह्यांसारखा भुसभुशीत झालेला आहे. त्यात उन्हाने चमकणाऱ्या सेलेनाइटच्या, म्हणजे पारदर्शक स्फटिकरूप जिप्समच्या, पट्ट्या प्रथम आम्हाला फुटक्या बाटल्यांच्या काचाच वाटल्या. तळहाताएवढा एक पत्रा उचलला, तर नखाने सहज ओरखडा उठला. त्याचे पापुद्रे अभ्रकासारखे सुटतात, मात्र वाकवल्यावर अभ्रकाप्रमाणे पुन्हा सरळ होत नाहीत.

उथळ समुद्र आटतो आणि तळाशी जिप्सम साचतो, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. इतरत्र ते खरेही आहे. पण येथे कितीतरी पट्ट्या थरांना समांतर न जाता त्यांना छेदून तड्यांमध्ये भरलेल्या दिसतात, म्हणजे गाळ साचून गेल्यानंतर त्या वाढलेल्या आहेत. शेलमधल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते शिंपल्यांच्या चुन्यावर क्रिया करून जिप्सम बनवते, हे स्पष्टीकरण कड्यासमोर उभे राहिल्यावर चटकन पटते. माता नो मढच्या थरांत सापडणारे जॅरोसाइट हे पिवळे खनिज हीही अशाच आम्लाची खूण होय; हे खनिज मंगळावरही आढळल्याने संशोधकांचे त्या गावाकडे विशेष लक्ष असते.

चुनखडकातली असिलिना नाण्यांसारखी चपटी असते आणि एकपेशीय जीवाचे कवच एवढे मोठे असू शकते यावर आमच्यातल्या एकाचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही.

जाणाऱ्यांनी डिसेंबर किंवा जानेवारी निवडावा. पाऊस पडून गेला असेल तर शेल आपल्या काळ्या मातीसारखाच पायाला चिकटतो, तेव्हा कडा चढूच नये. आश्विनातल्या नवरात्रात माता नो मढच्या आशापुरामातेच्या पदयात्रेमुळे या रस्त्याला गर्दी असते. गाडी भुजहूनच ठरवावी आणि पाणी भरपूर न्यावे. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत परवानगीशिवाय शिरू नये. शेलमध्ये हातोडीपेक्षा खुरपे अधिक उपयोगी पडते. चुनखडकातले कॅल्साइट आम्लाने फसफसते, जिप्सम फसफसत नाही; पण रेल्वेत आम्ल नेता येत नाही, म्हणून कॅल्साइट की जिप्सम हा संशय आल्यास नखावर विसंबावे. कॅल्साइटवर नखाचा ओरखडा उठत नाही.

कड्यातून खणून काढण्याऐवजी खाली गळून पडलेले तुकडेच घ्यावेत आणि कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. मी माझे तुकडे स्वेटरमध्ये गुंडाळून पिशवीत टाकले होते. घरी पोहोचल्यावर स्वेटर झटकला, तेव्हा चकाकणारा भुगा तेवढा हाती लागला.