तिसरा फोन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदाच, पण सगळं.

"तू स्टेजवर सांगतेस ते खरं असतं का?" स्टँड-अप कॉमेडीचा सेट, म्हणजे माझ्या वाट्याचे विनोद, संपवून खाली उतरले की काउंटरपाशी कुणीतरी हे विचारतंच. ऑफिसात विचारतात, नातेवाईक विचारतात. चार वर्षं मी दर मंगळवारी त्याच बारच्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टेजवर जावं अशा कार्यक्रमाला, नाव देते आहे आणि चार वर्षं माझं उत्तर एकच होतं, "बऱ्यापैकी." त्यानं कुणाचंच समाधान होत नाही. खरं म्हटलं तर मघाशी हसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कीव येते. खोटं म्हटलं तर आपल्याला फसवलं अशा भावनेनं तो बघतो.

आणि विचारणाऱ्यांना वाटतं, हा हो-नाहीचा प्रश्न आहे. तसा तो नाही. पाच मिनिटं मिळतात. चौथं मिनिट संपलं की होस्ट मागून मोबाइलचा दिवा दाखवतो, म्हणजे आवरतं घ्या. समोरची निम्मी माणसं आमच्यासाठी आलेलीच नसतात. ती आपापल्या टेबलावर बसायला आलेली असतात, टीव्हीवर मॅच चालू असते आणि नेमक्या पंचच्या, म्हणजे हशाच्या ओळीच्या, वेळी कुणीतरी ग्लासात बर्फ ओततं. अशा खोलीत सहा महिन्यांत घडलेली गोष्ट "काल" घडते. तीन माणसांचा मिळून एक काका होतो. याला मी खोटं म्हणत नाही, आजही म्हणत नाही. कुठल्याही घरात जेवताना सांगितलेला किस्सा असाच घडवलेला असतो, फक्त तिथे कुणी दिवा दाखवत नाही.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे, ती सांगतेच. आपलं क्रियापद शेवटी येतं. ज्या शब्दावर हशा यायचा तो आधीच येऊन जातो आणि "आहे", "होतं", "म्हणाले" मागे लोंबकळत राहतं. लोक हसायला लागलेले असतात आणि आपण अजून वाक्य संपवत असतो, हशा तिथेच मोडतो. म्हणून वाक्यं उलटी करावी लागतात. खऱ्या माणसाच्या तोंडची वाक्यंसुद्धा.

आता बाबांच्या फोनबद्दल. तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न त्याच्याबद्दलच असतो, हे मला माहीत आहे.

बाबांनी एके दुपारी मला दोनदा फोन केला होता. आधी, किल्ली सापडत नाही म्हणून. मग तासाभरानं, किल्ली सापडली, पण ही कुठल्या कुलपाची ते आठवत नाही म्हणून. एवढंच घडलं. पण दोन फोनांचा विनोद होत नाही. पहिल्या दोन गोष्टी ऐकणाऱ्याला एका रांगेत उभं करतात आणि तिसरी ती रांग मोडते. हे या धंद्यातलं अगदी पहिलं गणित आहे. म्हणून तिसरा फोन मी लिहिला. बाबा फोनवर म्हणतात, "सापडतच नाहीये गं… माझा फोन." एरवी कुणीही "माझा फोन सापडत नाहीये" असंच म्हणेल. फोन हा शब्द शेवटी यावा म्हणून मी वाक्य फिरवलं.

ते चाललं. इतकं चाललं की दोन महिने मी सेट त्यावरच संपवत होते.

मग एका मंगळवारी बाबा म्हणाले, मी पण येतो. मी नको म्हणू शकले असते. निदान तो भाग त्या दिवशी वगळू शकले असते, माझ्याकडे दुसरी पाच मिनिटं तयार होती. पण खोली त्या दिवशी भरलेली होती, आधीच्या दोघांना कुणी हसलं नव्हतं आणि मला हशा हवा होता. याहून चांगलं कारण मी शोधून पाहिलं, मिळालं नाही.

बाबा काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. पहिला फोन, थोडं हसू. दुसरा फोन, जास्त. तिसऱ्या फोनला टीव्हीकडे तोंड करून बसलेलं टेबलसुद्धा वळलं. बाबा हसत होते, मला ते स्पष्ट दिसत होते. आणि ते हसताहेत हे बघून मला जोर आला, मी उभ्या उभ्या एक टॅग, म्हणजे हशावर आणखी एक ओळ, जोडला, "मी रिंग दिली, तर म्हणाले, थांब, ठेव, मला दुसरा कुणाचातरी फोन येतोय." आयुष्यात त्याहून मोठा हशा मला मिळालेला नाही.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की बाबा हसले होते. मग रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्याबद्दल वाचलं. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या हसण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, तेव्हा दिसलं की माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. विनोद त्याचं निमित्त असतोच असं नाही, सोबत हे खरं कारण. म्हणजे भरलेल्या खोलीत माणूस हसला यावरून त्याला काय वाटलं ते कळत नाही. हे मला तरी माहीत असायला हवं होतं, मी त्याच आधारावर उभी राहते.

परतताना बाबा गप्प होते. घराच्या पायऱ्यांपाशी थांबून म्हणाले, "तो तिसरा फोन मी कधी केला?"

मी म्हटलं, "बाबा, तो केलाच नाहीत तुम्ही. तो मी रचला."

"ते बोलणं माझं वाटत नाही खरं," ते म्हणाले. "असं उलटं मी बोलत नाही. पण केला असेन."

"नाही केलात. खरंच."

"माझ्यासाठी म्हणू नकोस गं."

मी तीनदा, चारदा सांगितलं. जितकं सांगितलं तितकं ते मान हलवत राहिले, लहान मुलाची समजूत ऐकून घ्यावी तसे. स्टेजवरचं खोटं त्यांनी पटकन मानलं आणि पायऱ्यांवरचं खरं मी काही केल्या त्यांना पटवू शकले नाही.

तपासणी नंतर झाली, तो इथला विषय नाही. पण पुढच्या महिन्यात घरी गेले तर फोनशेजारी एक छोटी वही होती, दोऱ्यानं पेन बांधलेली. तारीख, वेळ, कुणाला, कशासाठी. माझ्या नावापुढे प्रत्येक फोनला आकडा, १, २. एका दिवशी १, २ आणि खाली रेघ मारून, "आज पुरे."

चार वर्षांपूर्वी मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, घडलेलं सांगायचं नसतं, जाणवलेलं सांगायचं असतं. त्या मुलीशी मी हल्ली भांडते. ती म्हणते, तिसरा फोन खोटा असेल, पण तो कधीतरी येईल ही भीती खरी होती. मला ते मान्य आहे, भीती खरीच होती. पण ती माझी होती, मी ती त्यांच्या हातात दिली, आणि वर लोकांना हसवलं. ती म्हणते, मग काय, फक्त स्वतःबद्दल बोलायचं? आपल्यात आपली माणसं नसतात का? इथे मला उत्तर सुचत नाही.

पाच महिने मी तो भाग केला नाही. मग एकदा फक्त दोन खरे फोन सांगून पाहिले. कुणीही हसलं नाही. नंतर एका बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, काळजी घे त्यांची." खरं सांगितलं की तो विनोद उरतच नाही, नुसती बातमी होते. आणि त्या बाईंनी मात्र विचारलं नाही, हे खरं आहे का.

तुम्ही काहीजण याच्याही पुढे जाऊन विचारता, एवढं झालं तर जातेस कशाला? जाते. त्या खोलीत अनोळखी माणसं एकाच क्षणी हसतात तेव्हा मला जे वाटतं ते मला दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि ते मी सोडणार नाही. बाबांनी पुन्हा येतो म्हटलेलं नाही. मी बोलावलेलंही नाही.

तिसरा फोन सध्या सेटमध्ये नाही. वहीत ते पान आहे. ते अजून मी खोडलेलं नाही.