दोष आणि धीर
२००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील पहिल्या वादचर्चेचे चित्रीकरण आज पुन्हा पूर्ण पाहिले आणि उमेदवार कशावर तोलावा, हा प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही. बराक ओबामांची उणीव उघड होती: सिनेटमध्ये येऊन त्यांना चार वर्षेही झाली नव्हती. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी मात्र व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैद सोसली होती. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेणे मला आजही अन्यायाचे वाटते. तरीही १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली त्याच दिवशी, त्यांनी अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचे सांगितले आणि २४ तारखेला तेच मॅकेन आर्थिक संकटाचे कारण देऊन प्रचार थांबवून, दोन दिवसांवर आलेली वादचर्चा पुढे ढकलावी, असे म्हणू लागले. अध्यक्षाला एकाच वेळी अनेक कामे हाताळावी लागतात, हे ओबामांचे उत्तर शांत होते. चर्चाही अखेर ठरल्या दिवशीच झाली. शांत चेहऱ्यामागे योग्य निर्णय असेलच असे नाही, हे मान्य. परंतु अनुभवाची उणीव चांगले सल्लागार काही अंशी भरून काढू शकतात, ऐन संकटातली घालमेल त्यांना आवरता येत नाही, म्हणून माझे माप ओबामांकडे झुकते.