आधी काचपट्टी, मग पीसीआर

रानपक्ष्यांचं रक्त घेण्याच्या परवानगीसाठी गेले तेव्हा वनाधिकाऱ्यांचा पहिलाच प्रश्न रास्त होता. "रक्तच कशाला? गळालेल्या पिसांवर नाही भागत?" नाही भागत, कारण मला हवे असलेले परजीवी पक्ष्याच्या तांबड्या पेशीच्या आत राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपक्षी पकडायलाच राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. रक्त घ्यायचं तर प्रत्येक थेंबाचं कारण द्यावं लागतं, आणि ते द्यायला लागावंच. या कागदपत्रांत बराच काळ गेला, पण त्यातूनच माझा प्रश्न नेमका झाला: निलगिरीच्या शोला जंगलात, म्हणजे डोंगरमाथ्याच्या घळींतल्या सदाहरित रानात, जिथे हिवाळ्यातल्या रात्री पारा गोठणबिंदूजवळ उतरतो, तिथे पक्ष्यांचा मलेरिया कितपत पोचतो?

या प्रश्नामागे हवाई बेटं आहेत. १८२६च्या सुमारास जहाजांबरोबर क्युलेक्स क्विंक्वेफॅशिएटस हा डास तिथे उतरला. आपल्याकडे गटारात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो तोच हा डास. पुढे प्लाझ्मोडियम रेलिक्टम हा पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवीही पोचला आणि तिथले बरेचसे हनीक्रीपर हे छोटे रानपक्षी सखल भागातून नाहीसे झाले. डोंगरावर उंच राहणारे तगले, कारण साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली हा परजीवी डासाच्या अंगात वाढत नाही. हवा तापली की ही सीमा वर सरकते. निलगिरीचा शोला रॉबिन हा पक्षी पालघाट खिंडीच्या उत्तरेकडचे काही डोंगर सोडले तर जगात कुठेच नाही, आणि तो आधीच माथ्यावर आहे. त्याने आणखी वर जायचं कुठे? आपल्याकडे हा आजार हवाईइतका नवखा नाही, हेही खरं. १८९८ साली रोनाल्ड रॉसने मलेरियाचा डासातला प्रवास उलगडला तो कोलकात्यात, पक्ष्यांच्याच मलेरियावर काम करून. पण भारतात जुना आहे म्हणून तो प्रत्येक डोंगरावर जुना असेल असं नाही.

पहाटे जाळी लावायची, सारखी तपासत राहायची, धुकं पावसाळलं की लगेच गुंडाळायची. पक्षी कापडी पिशवीत शांत होतो. पंखाच्या आतली शीर बारीक सुईने टोचून केशनळीत रक्त घ्यायचं, कापूस दाबून धरायचा, रक्त थांबल्याची खात्री करून त्याला सोडायचं. शरीराच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घ्यायचं नाही हा नियम. चष्मेवाला हा चिमुकला पक्षी जेमतेम आठ-नऊ ग्रॅमचा, त्यामुळे आम्ही त्याहूनही पुष्कळ कमी घेत असू.

खरी कसोटी पुढे होती. शोलातल्या दमट हवेत काचपट्टीवरचा रक्ताचा पातळ थर लवकर वाळत नाही आणि तोवर पेशींचा आकार बिघडतो. म्हणून बॅटरीवरचा छोटा पंखा कायम सोबत असे. मिथेनॉलही घट्ट बंद ठेवायचं. त्यात हवेतलं पाणी उतरलं तर पेशींत चमकणारे खड्डे दिसतात आणि नवख्याला तेच परजीवी वाटतात.

गिम्सा या रंगाने रंगवलेली पट्टी तेलाच्या भिंगाखाली पाहायला शिकणं हा माझ्या पीएच.डी.तला सर्वात आवडता काळ. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या पेशीत नसतं. हिमोप्रोटियस हा मलेरियाच्या परजीवीचा नातलग त्या केंद्रकाला वेढून वाकतो, अंगात सोनेरी-तपकिरी कण घेऊन. ल्युकोसायटोझून या दुसऱ्या नातलगात ते कण नसतात, पण तो पेशी इतकी विद्रूप करतो की मूळची कोणती होती तेच कळत नाही. प्लाझ्मोडियम ओळखायचा तो रक्तातच विभाजन पावणाऱ्या अवस्थांवरून. जुन्या, मुरलेल्या संसर्गात हजारो पेशी चाळाव्या लागतात तेव्हा कुठे एखादा दिसतो.

म्हणूनच अनेकांनी सल्ला दिला की पट्ट्या सोड, पीसीआर पुरे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी, फार संवेदनशील आहे, यात वाद नाही. सायटोक्रोम बी जनुकाचा ४७९ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि २००९पासूनच्या मालअवी या माहितीसंग्रहाशी ताडायचा, की तोच वंश जगात आणखी कुठे सापडला ते समजतं. पण नेहमीचे प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे, प्लाझ्मोडियम आणि हिमोप्रोटियस दोन्ही पकडतात, आणि एकाच पक्ष्यात दोघे असले तर एक दुसऱ्याला झाकून टाकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डीएनए सापडला याचा अर्थ एवढाच की परजीवी रक्तात आला होता. तो तिथे वाढून पुढच्या डासात जाऊ शकतो का, हे पेशीत गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणारी अवस्था, दिसल्यावरच ठरतं. पीसीआर होकार देतो आणि पट्टी कोरी निघते असे पक्षी मला भेटले. त्यांना मी 'बाधित' एवढंच लिहिलं, 'यजमान', म्हणजे ज्याच्यात परजीवी वाढून पुढे पसरतो असा, लिहिलं नाही. या शब्दावरून मार्गदर्शकांशी बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. डोंगरावर संसर्ग खरोखर फिरतोय की खालून वर आलेल्या पक्ष्यांबरोबर नुसता येऊन संपतोय, याचं उत्तर त्या फरकात आहे.

कुणाला या कामात यायचं असेल तर सुरुवात जंगलापासून करू नका. पशुवैद्यकाच्या मदतीने पाळीव कबुतराच्या रक्ताच्या पट्ट्या करा. कबुतरमाशीमुळे पसरणारा हिमोप्रोटियस कोलंबी त्यांच्यात सर्रास आढळतो. तो न चुकता ओळखता येऊ लागला, की मग परवानगीचा अर्ज लिहायला घ्या.