विहिरींचा नकाशा : तीन कऱ्हाडांचा घोळ

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या दगडी विहिरींचा वेब-नकाशा करतोय, त्यातल्या नोंदी आता ६३ झाल्या. या महिन्यात नव्या फक्त चार. बाकीचा वेळ एकट्या कऱ्हाडनं खाल्ला.

तालुका निवडला की तिथल्या विहिरी दिसाव्यात, एवढंच काम. कऱ्हाड निवडलं तर ११ ऐवजी ४ दिसायला लागल्या. यादी उघडली तर कऱ्हाड तीनदा, आणि तिन्ही दिसायला हुबेहूब. कुठं रिकामी जागा राहिली असेल म्हणून ट्रिम करून, म्हणजे कडेच्या रिकाम्या जागा छाटून पाहिलं, काही नाही. शेवटी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत तिघांची लांबी, म्हणजे आतली युनिकोड चिन्हं, मोजली : ६, ७, ७. तेव्हा कुठं उजेड पडला.

कऱ्हाडमधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो. थेट ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह). साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलन्त. किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. माझा कीबोर्ड एक तऱ्हा देतो, मित्राचा मोबाइल दुसरी, आणि तिसरी एका जुन्या फाइलीतून आली. डेटाबेसच्या लेखी ही तीन वेगळी गावं.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या एनएफसी नॉर्मलायझेशननं पहिल्या दोन एक होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती १३ पासून त्याचं फंक्शनच आहे, पायथॉनमध्ये युनिकोडडेटा हे मॉड्यूल. तिसरी मात्र तशीच राहते. मी घाईत सगळे झेडडब्ल्यूजे उडवून टाकले, तर अर्ध्या र चा रफार होऊन 'कर्हाड' झालं! म्हणून आधी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं आणि मग एनएफसी. दोन ओळींचं फंक्शन, पण आता प्रत्येक नोंद त्यातूनच आत जाते. तालुक्यांचं वेगळं टेबल करून आयडी वापरला असता तर हे झालंच नसतं. ते आता केलंय.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर मात्र भलतीकडेच गेली होती. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीला अक्षांश आधी लागतो. उलटापालट झाली आणि १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ती अष्टकोनी विहीर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या आसपास समुद्रात! पाण्याची तेवढी चिंता मिटली. टेबलावर चेक लावलाय : अक्षांश १६ ते १९, रेखांश ७३ ते ७५, नाहीतर नोंद घेऊच नकोस.

'५ किलोमीटरच्या आतल्या विहिरी' या क्वेरीत सगळ्या ६३ यायच्या. पोस्टजीआयएस या पोस्टग्रेसच्या नकाशा-जोडणीत कॉलम जिओमेट्री प्रकारचा आणि एसआरआयडी ४३२६ (अक्षांश-रेखांशांची मोजणी) असेल तर ५००० म्हणजे ५००० अंश, अख्खी पृथ्वी आत बसते. कॉलमचा प्रकार बदलून जिओग्राफी केला की मीटर.

मित्र वहीतले आकडे देवनागरीतच टाइप करतो. मजकुराचा आकडा करणारा पायथॉनचा इंट '१२' बिनतक्रार घेतो, जावास्क्रिप्टचा नंबर मात्र त्याचं नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही', करतो. त्यामुळं पॉपअपमध्ये 'खोली नॅन फूट' असं झळकत होतं.

रविवारी एका विहिरीवर टेप सोडत होतो. काठावरचे आजोबा म्हणाले, "फोटू काढून पाणी वर येतंय व्हय?" मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरलं. खोली ४२ फूट, पाणी तळाला.

पुढचा फेरा वाईकडं. वाई तेवढं एकाच तऱ्हेनं लिहितात.