खात्यात जमा झालेले पैसे आपले कधी होतात?

कार्डावरून आलेले पैसे दोन-तीन दिवसांत चालू खात्यात जमा झाले की व्यवहार संपला, असा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार बहुतेक कारणांसाठी ग्राहकाला साधारण 120 दिवसांपर्यंत आपल्या बँकेकडे तक्रार करता येते, आणि माल मिळालाच नाही अशी तक्रार असेल तर ही मुदत सहसा माल पोचायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे गणपतीत विकलेल्या चपलांच्या जोडाचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावरही खात्यातून वजा होऊ शकतात. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून चप्पल, हुपरीचे चांदीचे दागिने, गूळ आणि मसाले ऑनलाइन विकणाऱ्यांचे हिशेब पाहते. अशा तक्रारींतले बरेच दावे विक्रेता खोटा होता म्हणून हरत नाही, तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले नसते म्हणून हरतो, हे मला पुन्हा पुन्हा दिसते आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

ग्राहकाची तक्रार दुकानदाराकडे येत नाही, ती ग्राहकाच्या बँकेकडे जाते. ती बँक कार्ड संस्थेमार्फत, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत, विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागे घेते, तिथून हा बोजा पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानदारासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे, आणि शेवटी दुकानदाराच्या खात्यावर येऊन आदळते. सुनावणी नंतर, पैसे आधी. वर बहुतेक ठिकाणी दाव्याचे शुल्कही लागते. कार्ड संस्था उत्तरासाठी विक्रेत्याच्या बँकेला पुरेसे दिवस देतात, पण ते दिवस मधल्या टप्प्यांवर झिजत जातात आणि दुकानदाराच्या हाती मोजकेच उरतात. त्यातही सूचना इंग्रजी ईमेलने येते आणि तो ईमेल पुष्कळदा जाहिरातींच्या ढिगात पडून राहतो. निकाल मान्य नसेल तर कार्ड संस्थेच्या लवादाकडे जाता येते, परंतु हरणाऱ्याला तिथे शेकडो डॉलर मोजावे लागतात, त्यामुळे दोन-अडीच हजारांच्या चपलेसाठी तो रस्ता बंदच समजावा. पेमेंट कंपन्यांनी निदान अशी सूचना फोनवर आणि मराठीत द्यावी, ही अपेक्षा मला मुळीच अवाजवी वाटत नाही, कारण याच कंपन्या दुकानदाराला जोडून घेताना मराठीत बोलणारा माणूस दारात पाठवतात.

चप्पल लाईनीतल्या एका दुकानदारांचे प्रकरण या दृष्टीने सांगण्यासारखे आहे. परदेशातल्या एका ग्राहकाने कार्डावर पैसे भरून जोड मागवला, तो पोचला, आणि काही आठवड्यांनी रक्कम वजा झाली. ते कागद घेऊन आले तेव्हा एकच विचारत होते, “ताई, माल तर पोचलाय की! सही बी हाय, फोटो बी हाय. मग पैसं कशापायी कापल्यात?” माल पोचला की नाही, हा वादच नव्हता. तक्रारीचे कारण होते, ‘हा व्यवहार मी केलेला नाही.’ कार्डाच्या विवरणपत्रावर दुकानाचे नाव न येता त्यांच्या वडिलांच्या नावाने नोंदवलेल्या फर्मचे नाव आले होते, आणि ग्राहकाला ते ओळखू आले नसावे. अशा वेळी कुरिअरची पावती एकटी पुरत नाही. ऑर्डर देणारी आणि कार्ड बाळगणारी व्यक्ती एकच आहे, हे दाखवावे लागते. त्यांच्या फोनमध्ये ते सारे होते. मापाची शंका आली म्हणून ग्राहकाने कागदावर पाऊल ठेवून पेनने गिरवलेली आकृती, शेजारी पट्टी ठेवून काढलेला तिचा फोटो, आणि तो ज्या ईमेलवरून आला तोच बिलावरचा ईमेल. एवढे जोडल्यावर रक्कम परत आली. शुल्क मात्र आले नाही.

भारतीय कार्डांच्या बाबतीत हे विशिष्ट संकट पुष्कळ कमी आहे. रिझर्व्ह बँकेने 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या पायरीची पडताळणी बंधनकारक केली, आणि ओटीपी टाकून झालेल्या व्यवहाराबाबत ‘तो मी नव्हेच’ असा दावा आला तर त्याची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. परदेशी बँकांच्या कार्डांना हे बंधन लागू नाही, म्हणून बाहेरच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी अधिक सावध राहिले पाहिजे.

खरी अवघड तक्रार वेगळीच असते, ती म्हणजे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. हाताने केलेल्या मालाला ती फार जाचते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे प्रत्येक ठिकाणी सारखा रंग धरत नाही, तेल लागले की गडद होते, एका पायाच्या चपलेवरच्या कातडी वेणीत आणि दुसऱ्या पायाच्या वेणीत केसाइतका फरक राहतो, आणि नवा जोड पहिले काही दिवस आवळतो. कोल्हापुरात हे कोणी दोष मानत नाही. पण परराज्यातल्या बँकेत बसलेल्या अधिकाऱ्यासमोर ग्राहकाने पाठवलेले दोन फोटो आणि संकेतस्थळावरचा गुळगुळीत फोटो शेजारी ठेवले की निर्णय ग्राहकाकडे झुकतो. म्हणून मी सर्वांना सांगते, की हा फरक विक्रीच्या पानावर स्पष्ट शब्दांत लिहा, पाण्यात चालू नका हेही लिहा, आणि डबा बंद करण्यापूर्वी त्याच जोडाचा, दोन्ही पायांचा, उजेडात फोटो काढून ऑर्डर क्रमांकासह जपून ठेवा.

ग्राहक मुळात लबाडच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही रेक्झिनचे जोड त्याच नावाने ऑनलाइन विकले जातात, आणि तसा जोड ज्याच्या हाती पडला त्याला पैसे परत मिळालेच पाहिजेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीही सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे बजावले आहे. तो नियम प्रामाणिक कारागिराच्याही हिताचा आहे.

यूपीआयबाबत थोडक्यात. ग्राहकाचे पैसे कापले गेले पण दुकानदाराला खात्रीचा संदेश आला नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप उलटावी आणि उशीर झाल्यास रोज 100 रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेचे 2019 चे परिपत्रक सांगते. तेव्हा ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नये, स्वतःच्या खात्यातली नोंद पाहावी. मोठ्या संकेतस्थळांवरून विकणाऱ्यांची अडचण निराळी आहे. परत आलेल्या डब्यात झिजलेला किंवा भलताच जोड निघतो, आणि तक्रारीचा निवाडा ते संकेतस्थळच करते. परत आलेला डबा उघडताना, चिकटपट्टी कापण्यापासून सलग चित्रण केले नसेल तर तिथे बोलायला जागाच उरत नाही.

वाद ग्राहक आयोगात गेला तर घाबरून गप्प बसणे सर्वांत महागात पडते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्यामुळे गुवाहाटीहून नोटीस आली तर ती खोटी समजून बाजूला ठेवू नका. म्हणणे मांडायला 30 दिवस मिळतात, आयोगाला वाटले तर आणखी 15, आणि त्यानंतर मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुन्या कायद्यातल्या तशाच तरतुदीबाबत 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने व्हावी असा अर्ज पक्षकाराला करता येतो. तो अर्ज लेखी म्हणण्यासोबतच पाठवावा, म्हणजे निदान प्रवासाच्या खर्चाला भिऊन दावा सोडून देण्याची वेळ येत नाही.