खिंडीतील नऊ किलोमीटर सुटी खडी आणि ‘कुठेही चालणारी’ सायकल

मार्गाच्या माहितीत खिंडीतल्या या टप्प्याबद्दल एवढेच लिहिले होते, की रस्ता दाबलेल्या मुरुमाचा असून कोणतीही सायकल सहज जाते. सायकल विकणाऱ्यानेही जवळजवळ हेच सांगितले होते: ३२ मिलिमीटरचे टायर, पुढे पायडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागच्या चाकावर ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच, आणि डांबर असो वा कच्चा रस्ता, दुसरी सायकल लागणार नाही. ही दोन्ही विधाने खोटी आहेत. ती खरी मानून दुसऱ्या कोणी त्या खिंडीत अडकू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वाचणाऱ्याला सामानासह दिवसभर सायकल चालवण्याची सवय आहे आणि पंक्चर काढता येते, हे गृहीत धरले आहे.

डांबरी टप्प्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. रस्ता चांगला होता, वारा पाठीमागून होता आणि तिथे ही सायकल उत्तम पळाली. मात्र अशा रस्त्यावर कोणतीही सायकल उत्तमच पळते, त्यामुळे त्यावरून निवडीचा निर्णय करू नये.

खिंडीचा चढ डांबर संपते तिथून लागतो. सुरुवातीचा थोडा भाग खरोखरच मुरुमाचा आहे. पुढे मात्र मुठीत मावतील एवढे दगड रस्त्यावर नुसते पसरून ठेवले आहेत, त्यांवर रोलर फिरलेला नाही, आणि चढ कितीतरी ठिकाणी १२ टक्क्यांचा आहे. अशा जागी उभे राहून पायडल मारता येत नाही, कारण अंग पुढे झुकले की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागीच फिरते. बसूनच चढायचे असेल, तर सगळा प्रश्न सर्वांत हलक्या गिअरचा उरतो. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तरी वेग ताशी ९.४ किलोमीटर होतो. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन त्या वेगाने १२ टक्क्यांवर चढवायला, खडीचा विरोध न धरता, सुमारे २६० वॉट लागतात. हीच गणना पुढे ३० आणि मागे ३४ दाते धरून केली, तर वेग ताशी ६.८ किलोमीटरवर आणि लागणारी शक्ती सुमारे १९० वॉटवर येते. हा फरक सरावाने भरून निघणारा नाही. बहुतेकांच्या बाबतीत तोच सायकल चालवणे आणि सायकल ढकलणे यांतला फरक असतो. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत ठाम सल्ला असा, की पुढच्या लहान चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांपेक्षा कमी नसतील, तर सामान घेऊन कच्च्या चढावर जाण्यासाठी ती सायकल विकत घेऊ नये. सपाटीवर वेगाने जाण्याचा वरचा गिअर गमावण्याची भीती घातली जाते, तीही अनाठायी आहे. पुढे ४६ आणि मागे ११ दाते असले, तरी मिनिटाला ९० फेऱ्यांवर ताशी सुमारे ४९ किलोमीटरचा वेग मिळतो. पुढे ४० दात्यांची एकच चकती असेल, तर तो ४२ च्या आसपास राहतो, आणि लांबच्या प्रवासात एवढाही वेग क्वचितच लागतो.

चढापेक्षा उतार वाईट निघाला. खिंडीपलीकडे वाहनांच्या चाकांनी रस्ता पन्हळी पत्र्यासारखा केला आहे आणि दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात तीच सुटी खडी साचली आहे. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेपून फुटते. हवा जास्त भरली तर चाक जमिनीला टेकतच नाही आणि ब्रेक दाबूनही सायकल घसरत राहते. ३२ मिलिमीटरच्या टायरला या दोहोंच्या मधली जागा मिळतच नाही. मी बाहेर काढलेल्या ट्यूबवर बोटभर अंतरावर दोन समांतर चिरा होत्या, आणि काटा किंवा खिळा कुठेही नव्हता. ४२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ३२ च्या सुमारे पावणेदोन पट हवा मावते, त्यामुळे तो बराच कमी दाबाने चालवता येतो. त्यात तो ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब न घालता बसवून बारीक छिद्रे बुजवणारा द्रव (सीलंट) घातला, की चेपून फुटायला ट्यूबच उरत नाही. फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांनी आधी टायरच्या रुंदीवर बोलावे. हातांना आणि पाठीला जो आराम दहा मिलिमीटर जास्त रुंदीचा टायर देतो, तो फ्रेम कशाची बनली आहे त्यातून मिळत नाही. सस्पेन्शनच्या फोर्कचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यांचा विचारही रुंद टायर लावून झाल्यावरच करावा.

रुंद टायर बसतो की नाही, याची खात्री मात्र स्वतः मोजून करावी. माझ्या फ्रेममध्ये ४० मिलिमीटरचा टायर बसतो असे मला सांगण्यात आले होते. वाटेत ३८ चे टायर मिळाले, ते बसलेही. पण दोन्ही बाजूंना जेमतेम दोन मिलिमीटर जागा राहिली. ओल्या मातीत टायरला चिकटलेले बारीक खडे दर फेऱ्याला फ्रेमवर घासत होते, आणि संध्याकाळपर्यंत मागच्या डाव्या दांड्यावरचा नखाएवढा रंग जाऊन आतला धातू दिसू लागला. टायर आणि फ्रेम यांच्यात प्रत्येक बाजूला किमान चार, आणि चिखलाचा रस्ता असेल तर सहा मिलिमीटर जागा हवी. शिवाय टायरवर छापलेली रुंदी अंतिम नसते, कारण रिम आतून जितकी रुंद तितका टायर फुगतो. म्हणून सायकल पाहायला जाताना जाडी मोजायचा कॅलिपर बरोबर न्यावा आणि हवा भरलेल्या टायरवरच माप घ्यावे.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष असा आहे, की फ्रेम ४५ मिलिमीटरचा टायर मोकळेपणाने घेणारी असावी आणि तिच्यावर मधून गुळगुळीत व कडांना खाचा असलेले ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर असावेत. डांबरावर असे टायर थोडे मागे पडतात, पण खडीवर अरुंद टायर जितका वेळ खातो त्याच्या तुलनेत ते काहीच नाही. चाकांचा दुसरा संच घेण्याची तयारी असेल, तर ७०० सी या मोठ्या मापाच्या रिमवर २८ मिलिमीटरचा आणि ६५० बी या लहान मापाच्या रिमवर ४७ मिलिमीटरचा टायर यांचा बाहेरचा व्यास सारखाच, म्हणजे ६७८ मिलिमीटर येतो. त्यामुळे चाके बदलली तरी सायकलची जमिनीपासूनची उंची आणि वळण्याची सवय बदलत नाही. हा बदल डिस्क ब्रेक असतील तरच सोयीचा, कारण रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची जागा एकाच व्यासासाठी ठरलेली असते. लांब खडकाळ उतारासाठी ब्रेक हायड्रॉलिकच, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे घ्यावेत. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक वाटेत दुरुस्त करायला सोपे असतात हे खरे, पण त्या उतारावर माझी बोटे अर्ध्या वाटेतच बधिर झाली, आणि बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हँडल खालच्या बाजूला थोडे बाहेर फाकलेले असावे. सुट्या दगडांवर पुढचे चाक सरळ ठेवायला त्याची मदत होते. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरसाठी आटे पाडलेली छिद्रे नसतील, तर ती सायकल प्रवासाची नाही.

गिअर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्यावर बसतो तो फ्रेमचा लहान तुकडा, एक जादा न्यावाच, आणि तो त्याच फ्रेमचा असावा. सुटा दगड उडून मागच्या डिरेलरवर बसला आणि हँगर वाकला, तर या टप्प्यावर मदत मिळेल अशी वस्ती नाही.

मार्ग उलट दिशेने करणाऱ्यांना पन्हळी भाग चढावर आणि सुटे दगड उतारावर मिळतील. ४० मिलिमीटरच्या पुढचे टायर असतील तर ही दिशा अधिक बरी, कारण चढताना वेग कमी असल्यामुळे पन्हळीचा त्रास जवळजवळ होत नाही. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद टायर असणाऱ्यांनी कोणत्याही दिशेने खिंडीत शिरू नये. डोंगराला वळसा घालणारा डांबरी रस्ता ३० किलोमीटरने लांब आहे आणि तरीही त्या सायकलला तोच लवकर पोहोचवतो.